बोधचिन्हाची शिस्त



आरोग्य शिबिर भरवताना आपण फलक रंगविणाऱ्याला सहज सांगतो, "वर लाल क्रॉस काढा." हेतू चांगला असतो; पण ते चिन्ह दवाखान्याचे नव्हे. १८६४ च्या जिनेव्हा करारान्वये, युद्धात जखमी झालेले सैनिक व त्यांची शुश्रूषा करणारे यांच्या रक्षणासाठी ते ठरले. ते पाहताच सैनिकाने बंदूक खाली करावी, ही त्याची ताकद. कोणीही ते दुकानावर, मोटारीवर लावू लागला, तर उद्या रणांगणावर त्यावर विश्वास कोण ठेवील? म्हणूनच भारतात १९६० च्या जिनेव्हा करार कायद्याने केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ते वापरण्यास मनाई आहे.

आपल्या संस्थेच्या बोधचिन्हाचेही तसेच. पावतीपुस्तकावर एक आकार, कमानीवर दुसरा, पत्रकावर तिसरा असेल, तर देणगीदाराने खरी पावती ओळखावी कशी? म्हणून नमुना एकच, रंग तेच आणि वापर कार्यकारिणीच्या संमतीने. घरच्या लग्नपत्रिकेवर ते छापू नये. पुढील शिबिराच्या फलकावर आपण आपलेच चिन्ह लावू या, आणि त्याला शोभेल असे कामही करू या.