घरातला गुणी मुलगा

मागच्या रविवारी एपिसोड आला नाही, त्यासाठी सॉरी. रेकॉर्डिंग झालं होतं, पण ऐकून बघितलं आणि डिलीट केलं. बिघडलेल्या घरांवरच्या तीन कादंबऱ्यांबद्दल मी पंचवीस मिनिटं बोललो होतो. एकदम हुशारीने. फक्त ही पुस्तकं मला का लागली, तेवढंच सांगायचं राहिलं होतं. म्हणून हा दुसरा टेक. स्पॉयलर येतील, आधीच सांगून ठेवतो.

पहिलं पुस्तक 'घाचर घोचर'. विवेक शानभाग यांची मूळ कन्नड कादंबरी. श्रीनाथ पेरूर यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर मी वाचलं, तेही मोबाईलवर, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये बसून. जाता-येता दोन दिवसांत संपलं, एवढं छोटं आहे.

गोष्ट बंगळुरूची. आधी एक तंगीतलं कुटुंब. वडील चहा विकणारे सेल्समन, लहानसं घर, घरात मुंग्याच मुंग्या. मग काका, म्हणजे चिक्कप्पा, मसाल्याची कंपनी काढतो आणि पैसा येतो. घर मोठं होतं. आणि हळूहळू सगळ्यांचं एकच काम उरतं, चिक्कप्पाला खूश ठेवायचं. कारण कमावणारा तोच. गोष्ट सांगणारा मुलगा कंपनीचा डायरेक्टर आहे, पण नावापुरता. दर महिन्याला खात्यात पैसे येतात आणि हा कॉफी हाऊसमध्ये जाऊन बसतो.

एके दिवशी एक बाई दारात येते. चिक्कप्पाला भेटायला. त्याला आवडते म्हणून मसूरची आमटी घेऊन आलेली. घरातल्या बायका तिला नाही नाही ते बोलून हाकलून देतात. चिक्कप्पा आत असून बाहेर येत नाही. आपला हिरो गप्प. आणि नवीन आलेली सून, अनिता, ती मात्र तोंडावर बोलते, की हे तुम्ही चुकीचं केलंत.

या घरात पहिल्यांदा कुणीतरी सरळ वाक्य बोललेलं असतं. आणि त्या दिवसापासून घरासाठी प्रॉब्लेम कोण? अनिता.

बसमध्ये हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. पुस्तक भारी आहेच, पण गोळा येण्याचं कारण वेगळं होतं. हा सीन मी आमच्या घरी बघितलेला होता.

आमच्याकडे, सांगलीला, आई आणि बाबा एकमेकांशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही, दारू वगैरे तर अजिबात नाही. फक्त बोलत नाहीत. मी आठवी-नववीत असेन तेव्हापासून. 'बाबांना सांग, पानं घेतलीयेत.' बाबा दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. 'आईला म्हणावं, आलोच.' आणि मध्ये मी. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर मी घरातला मेसेज क्यू. निरोप घ्यायचा, त्यातला काटा काढायचा, पुढे टाकायचा. एवढ्या वर्षांत एक मेसेज ड्रॉप केला नाही. म्हणून सगळ्या नातेवाइकांत मी गुणी. दादा जरा तापट, पण धाकटा बघा किती समजूतदार.

चार वर्षांपूर्वी दादाचं लग्न झालं. महिनाभरात एका रात्री, सगळे जेवत असताना, वहिनी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, 'आई, बाबा इथंच बसलेत की. तुम्हीच विचारा ना त्यांना.'

सगळ्यांचे हात थांबले. आणि मी काय केलं? हसलो. 'अहो वहिनी, आमच्याकडे अशीच पद्धत आहे,' असं म्हणून आमटी मागितली.

वर्षभरात दादा-वहिनी वेगळे राहायला गेले. विश्रामबागला, पंधरा मिनिटांवर. नातेवाइकांत एकच वाक्य फिरलं, सून आली आणि घर फुटलं. ते वाक्य दोन-तीनदा मीसुद्धा पुढे पाठवलंय. काटा काढून.

असो. दुसरं पुस्तक आपलं मराठीतलं, सचिन कुंडलकरची 'कोबाल्ट ब्लू', 2006 सालची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर फिल्म बघितली असेल, पण फिल्म केरळात घडते आणि कादंबरी पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात. माझ्या मते पुस्तक जास्त टोचतं, कारण ते घर आपल्या ओळखीचं आहे. घरात एक पेइंग गेस्ट येतो. तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि त्याची बहीण अनुजाही. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते, काही महिन्यांनी एकटी परत येते, आणि अख्खं घर तिच्याभोवती गोळा होतं. तनयचंही तेवढंच गेलेलं असतं, पण त्याला काही झालंय हे कुणाला माहीतच नाही. त्याने सांगायचं तरी काय आणि कुणाला? एकाच छपराखाली दोघं एकाच माणसासाठी झुरतात आणि पुस्तकाचे दोन भागसुद्धा वेगवेगळे आहेत, एक त्याचा, एक तिचा. आई-वडील वाईट नाहीत हो. काळजी करणारेच आहेत. पण त्या काळजीत प्रश्न विचारायला जागाच नाही.

या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं जेरी पिंटोंनी. आणि तिसरं पुस्तक त्यांचंच आहे, 'एम अँड द बिग हूम', 2012. शांता गोखल्यांनी ते 'एम आणि हूमराव' या नावाने मराठीत आणलंय. नाव काय जमलंय बघा, हूमराव!

माहीममधला वन बीएचके. गोव्याहून आलेलं कॅथलिक कुटुंब, आई-वडील आणि दोन मुलं. आईला, म्हणजे एमला, गंभीर मानसिक आजार. कधी एकदम उधाण, कधी काळोख, जीव द्यायचे प्रयत्न, हॉस्पिटलच्या फेऱ्या. कुणालाही विचारा, या तीन घरांमधलं सगळ्यात बिघडलेलं घर कुठलं, तर लोक हेच सांगतील.

मला मात्र तिघांपैकी एका घरात राहायला सांगितलं, तर मी इथे जाईन. आजार फार मोठा आहे, मुलगा पार पिचून जातो, कधी रागावतो, त्याला भीती वाटते की हे आपल्यातही आलं असेल. हे काही गोड पुस्तक नाही. पण त्या घरात बोलतात. एम बिडी ओढत ओढत मुलांना काय वाट्टेल ते सांगते, लग्नाआधीचं, नंतरचं, कुठलीही आई सांगणार नाही असलं. मुलं विचारतात. वडील बोलतात कमी, पण निरोप पाठवत नाहीत. आजार घरात उघडा, सगळ्यांच्या मध्ये बसलेला असतो.

आमच्या घरात तर आजारही नव्हता.

डिलीट केलेल्या एपिसोडमध्ये हे शेवटचं वाक्य नव्हतं. रेकॉर्डिंग उडवलं आणि त्याच संध्याकाळी वहिनींना फोन केला. (त्यांना विचारूनच हे सांगतोय. आई-बाबांना पॉडकास्ट म्हणजे काय ते माहीत नाही.) म्हटलं, 'वहिनी, तुम्हाला ती रात्र आठवते का, तुम्ही बोललात आणि मी आमटी मागितली?'

त्या म्हणाल्या, 'आमटीचं नाही आठवत, भाऊजी. तुम्ही हसला होता ते आठवतंय.'

सॉरी म्हटलं. त्या 'असू दे' म्हणाल्या, पण ते 'असू दे' लगेच नाही आलं.

मग बुधवारी नेहमीप्रमाणे आईचा फोन. 'बाबांना जरा विचार रे, बीपीच्या गोळ्या संपल्यात का.' मागे टीव्हीवर बातम्या चालू, म्हणजे बाबा तिथेच. मी म्हटलं, 'आई, तूच विचार ना. समोर तर आहेत.'

ती काहीच बोलली नाही. बातम्या ऐकू येत होत्या. मग तिने फोन ठेवला. शुक्रवारपर्यंत परत फोन नाही.

गोळ्या आल्या. दादाने आणून दिल्या. दादाला कुणी सांगितलं, हे मी अजून विचारलेलं नाही.