औषधाचे श्रुतलेखन



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी माधवगंजातल्या याच शाळेत आम्हांला श्रुतलेखन शिकविले. उतरून घेतलेला मजकूर ते आमच्याकडून पुन्हा मोठ्याने वाचून घेत. आज मी रुग्णालयातील औषधवाटपावर बोलणार आहे. भाषेच्या माणसाचा तेथे काय संबंध, असे आपल्या मनात येईल. पण ज्या ग्वाल्हेरात इस्पितळाचे नावच संधी करून ‘जयारोग्य’ असे ठेवले, तेथे एवढी मुभा असावी.

काही वर्षांपूर्वी परगावच्या एका रुग्णालयात माझ्या धाकट्या बंधूंना शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या गोळ्या दिल्या गेल्या. दोघांचे आडनाव एकच. परिचारिकेने आडनावाने हाक मारली, गुंगीत असलेल्या बंधूंनी ‘ओ’ दिली. रात्री रक्तदाब असा कोसळला की दोन दिवस आम्ही अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून काढले. त्या मुलीला मी दोष देत नाही. सबंध वॉर्डात ती एकटी होती.

औषध डॉक्टरांच्या मनातून रुग्णाच्या मुखी पोहोचते ते शब्दांच्या वाटेने. केसपेपर, औषधभांडार, परिचारिकेची वही, ट्रॉली. दर टप्प्यावर कोणीतरी वाचतो, कोणीतरी उतरवतो. अमेरिकेत पित्तावरचे ‘लोसेक’ आणि लघवी वाढविणारे ‘लॅसिक्स’ यांचा घोटाळा होऊ लागला, तेव्हा १९९० मध्ये पहिल्याचे नाव बदलून ‘प्रायलोसेक’ करावे लागले. ‘१.०’ मधले टिंब पुसट झाले की मात्रा दसपट होते. म्हणून पूर्णांकानंतर टिंब आणि शून्य लिहू नये, असा संकेत आहे. अनुस्वारासाठी जन्मभर विद्यार्थ्यांचे गुण कापले, पण टिंबाचे हे मोल मला फार उशिरा कळले. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असा नियम केला.

रुग्णाची एका वेळची मात्रा भांडारातूनच त्याच्या नावाच्या वेगळ्या पाकिटात यावी, ही पद्धत उत्तम. पण तिला माणसे आणि पैसा लागतो. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे न विचारता ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणावे आणि ते नोंदणी क्रमांकासह केसपेपरशी ताडून पाहावे, याला काहीच लागत नाही. फोनवर सांगितलेले औषध आधी लिहून घ्यावे, मग सांगणाऱ्याला वाचून दाखवावे. हे तर गुरुजींचेच श्रुतलेखन.

बंधू आता बरे आहेत. पण रुग्णालयात कोणी गोळी हातावर ठेवली की आधी तिचे नाव विचारतात. परिचारिका कधी सांगतात, कधी रागावतात.