गंजिफांची पाने आणि पाहुण्यांचा पलंग

सावंतवाडीच्या राजवाड्यातील दरबारात आता राजसभा भरत नाही. तेथे कारागीर बैठक मारून बसतात आणि बारीक कुंचल्याने वाटोळ्या पत्त्यांवर दशावतार रंगवितात. याच राजवाड्याच्या आवारात अलीकडे मोजक्या खोल्यांचे एक अतिथिगृह सुरू झाले असून, त्याच्या सजावटीला गंजिफांमधील दशावतारांचाच आधार घेतलेला आहे. स्थानिक इतिहासावरून अतिथिगृहाचे सामानसुमान मुद्दाम घडवून घेण्याची आवड आज सर्वत्र वाढत आहे. ते कसे घडवावे याचा विचार करण्यास सावंतवाडीइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल.

तिसऱ्या खेम सावंतांच्या, म्हणजे 1755 ते 1803 या कारकिर्दीत येथील लाखकामाला व चित्रकामाला राजाश्रय मिळाला. पुढे छापील पत्ते आले, करमणुकीचे प्रकार बदलले आणि गंजिफा रंगविणारे हात कमी होत गेले. 1970 च्या दशकाच्या आरंभी ही विद्या जाणणारा वृद्ध कारागीर वाड्यात बोलावून शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी तिचे शिक्षण सुरू करविले. राणीसाहेब स्वतःही ती शिकल्या. त्यामुळे या गावात पलंगाच्या उशाकडील फळीवर मत्स्यावतार काढावयाचा की नाही, हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. ज्या हाताने तो काढावयाचा, त्या हाताच्या भवितव्याशी तो जोडलेला आहे.

गंजिफाचे पान तळहातात मावते. त्यावरील रेषा मनगटाच्या हालचालीने निघते. तीच आकृती पाच फूट रुंद फळीवर मोठी करून मागितली की रेषेतला जीव जातो, हातपाय जाड दिसू लागतात, आणि चित्रकार नकलनवीस होऊन बसतो. त्यापेक्षा पान पानाएवढेच ठेवावे. साध्या लाकडाच्या चौकटीत अशी चार-दोन वाटोळी चित्रे बसवावीत. पाहुण्याला जवळ जाऊन पाहावे लागेल, आणि ते योग्यच आहे. गंजिफा दुरून पाहण्यासाठी कधी नव्हत्याच.

शिवाय हा मुळात खेळ आहे, याचा सजावट करणाऱ्यांना अनेकदा विसर पडतो. दशावतारी गंजिफेत 120 पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. राजा आणि प्रधान ऐटदार, म्हणून सर्वांची नजर त्यांच्यावर. परंतु मेजाच्या कडेला किंवा कपाटाच्या दारावर शोभतात ती साधी पाने: मत्स्याचे मासे, कूर्माची कासवे, परशुरामाचे परशू, एकापासून दहापर्यंत मांडलेले. खोल्यांचे क्रमांकही त्यांनी सांगता येतील. सहाव्या खोलीच्या दारावर सहा मासे असले तर आकड्याची पाटी हवी कशाला? खेळाचा आणखी एक नियम आहे. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने उतारी करावयाची, रात्री कृष्णाचा राजा असणाऱ्याने. हा नियम ज्याला ठाऊक आहे तो ओसरीवरील बाकावर राम आणि पलंगाशेजारी कृष्ण योजील. ज्याने नुसती चित्रे उचलली, त्याला हे सुचणार नाही.

दुसरी अडचण सामानाचीच आहे. जुन्या कोकणी घरात सामान थोडे असे. पाट, चौरंग, झोपाळा, एखादा पलंग, फडताळ, पेटारा एवढ्यावर संसार चाले. सावंतवाडीची रंगीत लाकूडकामे लग्नाच्या रुखवतात मिरवत. त्यांत उंच मेज किंवा सामान ठेवण्याची घडवंची नव्हती. हे सारे आता लागणारच. तेव्हा इतिहासात नसलेल्या वस्तूला इतिहासाचा मुलामा देण्यापेक्षा, असलेली वस्तू थोडी वाढवावी. चौरंग गुडघ्याएवढा उंच केला की पाहुण्याची बॅग त्यावर नीट राहते. झोपाळ्याला तर काहीच करावे लागत नाही.

लाखेचा स्वभावही ओळखावा लागतो. ती कीटकांपासून मिळणारी राळ आहे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. जी उष्णतेने बसते ती उष्णतेने उठतेही. गरम चहाच्या पेल्याचा डाग तिच्यावर पडतो, आणि मद्यार्कात तर ती विरघळते. अतिथिगृहात चहा आणि मद्यार्क या दोहोंची वाण नसते. म्हणून मेजाचा पृष्ठभाग दगडाचा किंवा साध्या सागवानाचा असावा; लाख कातीव पायांना, पलंगाच्या खांबांना, खणांच्या मुठींना द्यावी, जेथे हात लागतो पण पेला टेकत नाही.

कोकणचा पाऊसही विसरून चालत नाही. आषाढात लाकूड फुगते, खण अडतात. आणि बंद खोलीत वातानुकूलन यंत्र चालू झाले की तेच लाकूड आक्रसते. चारी बाजूंनी घट्ट ठोकलेली फळी अशा वेळी तडकते आणि तिच्यावरील चित्रही तडकते. फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसविणे हा यावरचा सुताराचा जुना उपाय आहे. चित्र रंगविण्याआधी सुताराला विचारले तर तो हे सांगतो. बहुधा त्याला मागाहून विचारतात.

राहता राहिली मूठ. रोजच्या हाताळण्याने तिची लाख पाच-सात वर्षांत पातळ होईल, रंग उडेल. परगावाहून मागविलेली मूठ फेकून दुसरी आणावी लागते. सावंतवाडीत ती स्क्रू सोडवून काढावी, गावातल्या कारागिराकडे द्यावी, आणि त्याने पुन्हा लाख चढवून, केवड्याचे पान फिरवून परत करावी. असे काम वर्षभर थोडे थोडे येत राहिले, तर मोठ्या मागणीची वाट पाहत बसलेल्या कारागिराच्या घरातही पावसाळा निभावतो.