भुवाजींची विहीर

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी 'माझ्यावरील संस्कार' या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मी पंडित नाही आणि वक्ताही नाही. कापडाचे तागे आणि खतावणीतले आकडे यांतच माझे आयुष्य गेले. म्हणून शास्त्रातले काही सांगण्याऐवजी, ज्या घराने मला घडवले त्या घराची एक आठवण आपल्यापुढे ठेवतो.

ते घर माझ्या आत्याचे, आमच्या घरच्या बोलीत भुवाजींचे. पाथर्डी तालुक्यात तिसगावच्या शिवारात त्यांचा मळा होता. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी वडील मला नगरच्या स्थानकावर एसटीत बसवून देत. करंजीचा घाट ओलांडला की माझी सुट्टी सुरू होई. फाट्यावर फुफाजी बैलगाडी जुंपून उभे असत. माळवदाचे घर, पुढे प्रशस्त ओटा, दारात कडुलिंब, एका अंगाला गोठा आणि थोड्या अंतरावर दगडी बांधणीची विहीर, एवढाच तो पसारा. परंतु शहरातल्या दोन खोल्यांत वाढलेल्या मला ते राज्यच वाटे.

सूर्यास्तापूर्वी ओट्यावर पंगत बसे. बाजरीची गरम भाकरी, मुगाच्या मंगोड्यांची भाजी आणि घरचे लोणी. रात्री माळवदावर अंथरुणे पडत. भुवाजी नवकार म्हणवून घेत आणि मग गोष्टी सांगत. त्याच तालुक्यातील चिचोंडी हे आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराजांचे जन्मगाव. त्यांच्या बालपणीच्या गोष्टी त्या अशा सांगत, की महाराज जणू शेजारच्याच मळ्यात वाढले असावेत! जैन असून नांगर कसा धरता, असे कोणी फुफाजींना विचारले, तर ते हसून म्हणत, "असि, मसि आणि कृषी ही भगवान ऋषभदेवांनीच शिकवली. मी त्यातली शेवटची उचलली."

त्या घराचा खरा प्राण होता विहीर. भुवाजी तिचे पाणी मांजरपाटाच्या दुहेरी गाळण्यातून गाळून घेत. गाळण्यावर राहिलेले जीव वरून फेकून न देता, स्वच्छ पाण्याने ते हलकेच भांड्यात उतरवून, भांडे दोरीने विहिरीत सोडून पाण्याला टेकल्यावरच कलते करीत. "ज्याचे घर जिथे, त्याला तिथेच पोहोचवावे," असे त्या म्हणत. त्या गाळण्याचे मांजरपाट दरवर्षी आमच्या दुकानातून जाई आणि ते घडी करून माझ्या पिशवीत ठेवण्याचा मान माझा असे. कापडाच्या व्यवसायातील माझी ती पहिली उलाढाल!

बंधू-भगिनींनो, १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. आपल्यातील ज्येष्ठांना तो काळ आठवत असेल. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, आणि रस्तोरस्ती खडी फोडत बसलेली माणसे. त्याच दुष्काळाच्या अनुभवातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे १९७७ साली कायदा झाला. १९७३ च्या उन्हाळ्यात पाचवीची परीक्षा देऊन मी मळ्यावर गेलो, तेव्हा विहिरीचा तळ दिसत होता. पहाटेपर्यंत झऱ्याला जे पाणी साचे, ते आधी जनावरांना, मग वस्तीवरच्या घरांना आणि उरले तर आम्हाला, असा फुफाजींचा दंडक होता. दुपारी विहीर रिकामी असे. घरात मात्र दोन हंडे भरून झाकलेले असत.

अशाच एका दुपारी भुवाजी सामायिकाला बसल्या होत्या. मुहपत्ती बांधलेली, पुढे वाळूची घडी. फुफाजी बाहेर गेलेले. इतक्यात रस्त्याच्या कामावरची एक बाई रिकामी कळशी घेऊन ओट्यापाशी आली. "बाळा, घोटभर पाणी दे रे. पोरगं तापलंय," ती म्हणाली. त्या हंड्यांतल्या पाण्याने संध्याकाळी मला आंघोळ मिळणार होती. चार दिवसांनी मिळणारी आंघोळ! मी म्हणालो, "पाणी संपलं." ती क्षणभर उभी राहिली आणि काही न बोलता उन्हात निघून गेली.

सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांची. ती पाळून भुवाजी उठल्या आणि त्यांनी मला एवढेच विचारले, "पाणी संपलं होतं?" मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. एक हंडा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला, तांब्या माझ्या हाती दिला आणि त्या उन्हात आम्ही मैलभर चालत कामावर गेलो. एका बाभळीखाली फाटक्या लुगड्याच्या झोळीत ते मूल होते. भुवाजींनी आपल्या हाताने त्याला पाणी पाजले आणि त्या बाईसमोर हात जोडून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." त्या शब्दांचा अर्थ तिला कळणे शक्यच नव्हते, पण जोडलेले हात तिला कळले. ती ओशाळून म्हणाली, "अवं भाभी, पोराची जात हाय. त्याला काय कळतंय!"

वाट चालताना मी रडू लागलो. तेव्हा भुवाजी जे बोलल्या, ते पन्नास वर्षे मी उराशी जपले आहे. त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही रे मी हात जोडले, माझ्यासाठी जोडले. तुझे बोलणे माझ्या कानी आले होते. तरी मी घडीतली वाळू पाहत बसून राहिले. माझी सामायिक पुरी झाली, पण समता कुठे होती? माझे मन तर त्या कळशीच्या मागे उन्हात फिरत होते." दुसऱ्या दिवशी त्यांनी चौविहार उपवास केला. वैशाखातला पूर्ण दिवस, पाण्याच्या थेंबाविना. मी त्यांच्यापुढे रडलो, विनवण्या केल्या. त्यांनी फक्त माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

सामायिक मोडून उठावे की नाही, हा प्रश्न मुनिराजांनी सोडवायचा. मी व्यापारी माणूस. मला भुवाजींचा व्यवहार ठाऊक आहे. त्या दिवसानंतर सामायिकाला बसण्यापूर्वी दारात भरलेला हंडा आणि पेला ठेवल्याशिवाय त्यांनी कधीही आसन घातले नाही. नेमही राहिला आणि दारावरचा तहानलेलाही परत गेला नाही.

पुढे फुफाजी गेले, मुले पुण्यास स्थायिक झाली आणि मळा विकला गेला. भुवाजीही आज आपल्यात नाहीत. मागील वर्षी त्या रस्त्याने जात असता मी मुद्दाम उतरलो. विहीर अजून आहे. आत बाभळी उगवल्या आहेत आणि शेजारी विंधन विहिरीचा पाइप उभा आहे.

तेव्हाचे अहमदनगर आज अहिल्यानगर झाले, आपली दुकाने वाढली, आपले धर्मस्थानक प्रशस्त झाले. ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा मला सार्थ अभिमान आहे. मात्र ताळेबंद मांडताना जमेबरोबर देणेही लिहावे लागते. माझ्या खात्यावर त्या माउलीची एक कळशी पाणी अजून देणे आहे. सकाळी दुकान उघडल्यावर गल्ल्याला हात लावण्याआधी दारातला माठ मी स्वतः भरतो, तो त्या देण्याचा हप्ता म्हणून. मुद्दल फिटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

सुवर्ण महोत्सवानंतरच्या वाटचालीत, आपण आत धर्मध्यानात असताना आपल्या स्थानकाच्या दाराशी आलेला कोणीही रिकामी कळशी घेऊन परतू नये, एवढीच विनंती करतो. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!