मद्य, जागरण आणि मेंदूची सावधता

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील व्याख्यान)



मद्य हे सप्तव्यसनांपैकी एक. ते आपल्या बहुसंख्य घरांच्या उंबरठ्याबाहेरच राहिले, ही समाधानाची बाब आहे. परंतु शास्त्रकारांनी प्रमादाचे पाच प्रकार सांगताना मद्याच्या पंक्तीत निद्रेलाही बसविले आहे. या दोहोंचे नाते विज्ञानानेही दाखविले आहे.

रस्त्यात अचानक गुरे आडवी आली की डोळे मेंदूला वर्दी देतात, मेंदू निर्णय घेतो आणि पाय ब्रेकवर जातो. मद्य चेतापेशींमधील संदेशवहन मंदावते. त्यात विवेक लवकर ढळतो, म्हणून प्यालेल्याला आपण शुद्धीवर आहोत असेच वाटते. जागरणाने मेंदूत ॲडेनोसीन हे द्रव्य साचते, लक्ष तुटते आणि नकळत क्षणभर डुलकी लागते. चहा-कॉफी त्याचा परिणाम काही काळ रोखते. झोपेची उणीव भरून काढत नाही.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असणे हा गुन्हा आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड या संशोधकांना असे आढळले की, सतत १७ तास जागलेल्या माणसाचा हात व डोळा यांचा मेळ ५० मिलिग्रॅम मद्य असल्याइतका बिघडतो. २४ तासांनंतर सुमारे १०० मिलिग्रॅमइतका.

पहाटे सहाला उठून, दिवसभर दुकान सांभाळून रात्री अकराला सुरतेकडे निघणारा आपला निर्व्यसनी व्यापारी नेमका या १७ तासांवर उभा असतो. श्वासतपासणीचे यंत्र त्याला निर्दोष ठरवील. कोंडाईबारीच्या घाटातील वळण ठरविणार नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला २२ मीटर धावते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर आंधळा प्रवास!

पावलाखालचा जीव जपणारी ईर्यासमिती आपण जाणतो. तीच दक्षता चाकांनाही लागू करावी. तीर्थयात्रा वा लग्नकार्य आटोपून रात्रीच परतण्याचा आग्रह सोडावा. भाड्याच्या गाडीचा दर विचारतो, तसे चालकाची झोप झाली आहे का, हेही विचारावे. त्याच्या जेवणाबरोबर अंथरुणाचीही सोय करावी. डोळे जडावले तर सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटे विसावावे.

घरी पोहोचण्यास उशीर झाला तरी चालेल, पण सर्वांनी सुखरूप पोहोचावे, एवढीच प्रार्थना करून मी थांबतो. जय जिनेंद्र!