विल्सनसाहेबांची शाळा आणि आपली अभ्यासिका
(सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



चौपाटीवरचं विल्सन कॉलेज आपण सगळेच येता-जाता बघतो. पण ते नाव कुणाचं? स्कॉटलंडचे पाद्री डॉ. जॉन विल्सन यांचं. १८२९ साली, वयाच्या २४ व्या वर्षी, ते पत्नी मार्गारेटसह मुंबईत आले. मराठी शिकले. १८३२ मध्ये शाळा काढली. मार्गारेटबाईंनी मुलींना शिकवलं. १८३५ मध्ये बाई वारल्या. काम थांबलं नाही.

१८३९ मध्ये पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून शहरात खळबळ उडाली, प्रकरण कोर्टात गेलं. अनेक पालकांनी मुलांची नावं काढून घेतली. धर्मांतराबद्दल आपलं मत काहीही असो. उरलेल्या मुलांसाठी विल्सनसाहेबांनी वर्ग चालू ठेवले, हे घेण्यासारखं आहे. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८७५ साली इथेच, मुंबईत, त्यांचं निधन झालं.

आपल्या अभ्यासिकेत सध्या चारच मुलं येतात, म्हणून ती खोली भाड्याने द्यावी असा प्रस्ताव आहे. मी जन्मभर बँकेत हिशेब केले, भाड्याचा आकडा मलाही कळतो. तरी हात जोडून विनंती करतो, त्या चौघांसाठी खोली उघडी राहू द्या.