पहिले पान मुलांचे



महाड-पोलादपूरच्या कातकरी वाड्यांतील अभ्यासवर्गांत मुलांकडून वर्तमानपत्राचे पहिले पान करून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. मोठा कागद घ्या. वर नाव, तारीख, वाडी. खाली मुलांनी निवडलेल्या तीन बातम्या. काय, कुठे, केव्हा, का हे प्रत्येकीत हवे. सर्वांत वर कोणती बातमी, यावर मुलांना वाद घालू द्या.

याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. चौदा दिवसांनी, ३ एप्रिलला, त्यांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले. आपली बातमी आपणच लिहावी लागते.

दिवाळीनंतर कितीतरी मुले आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जातात. हजेरीपटावर उरते फक्त ‘गैरहजर’. मुलाने ‘आम्ही भट्टीवर चाललो’ असा मथळा लिहिला, तर कारणही वाचावे लागते. म्हणून हे पान दिवाळीआधी तयार व्हावे, शाळेच्या भिंतीवर लागावे. हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीपुढे नेताना तेच हाती असू द्या. मुलांनी लिहिले, तर वाचून उठणे आपले काम.